पाटी नसेल तिथे सत्तर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथहून परभणीकडे जाताना जवळा बाजार लागते. महाराष्ट्रातल्या शेकडो मोठ्या गावांसारखेच हेही रस्त्याच्या आधाराने वाढलेले गाव. समजा, दुभाजक नसलेल्या अशा एखाद्या गावरस्त्यावरून मोटार ताशी ६८ किलोमीटरने निघून गेली. पाहणारे म्हणतील, ‘कोणाचा जीव घेतो का काय हा!’ पण तिथे लाल कडीतल्या आकड्याची पाटी नसेल, तर त्या मोटारीवर वेगमर्यादा ओलांडल्याचा गुन्हा लागत नाही. अशा रस्त्यावर मोटारीची कायदेशीर कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. हा आकडा जवळा बाजार पाहून कोणी ठरवलेला नाही. तो दिल्लीत तयार झालेल्या एका तक्त्यातला आहे आणि कन्याकुमारीच्या गावालाही तोच लागू आहे.

आपल्याकडे वेगमर्यादा दोन पातळ्यांवर ठरते. वरचा आकडा केंद्र सरकार ठरवते. त्याच्या आत राहून खालचा आकडा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि राज्याने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. पहिला आकडा आपोआप लागू होतो. दुसरा कोणी मागितल्याशिवाय, मोजल्याशिवाय आणि आदेश काढल्याशिवाय येत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात सगळा प्रश्न या दुसऱ्या आकड्याचा आहे.

दिल्लीचा तक्ता

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११२ वेगाबद्दल आहे. त्यानुसार प्रत्येक प्रकारच्या वाहनाची कमाल मर्यादा केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करते. सध्या वापरात असलेला तक्ता ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेतला आहे. त्यात रस्त्यांचे चार प्रकार आहेत: प्रवेश नियंत्रित द्रुतगती मार्ग, दुभाजक असलेला चौपदरी किंवा त्याहून मोठा रस्ता, नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतला रस्ता आणि उरलेले सगळे रस्ते.

चालक धरून नऊ जणांपर्यंतच्या मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, चौपदरीवर १००, शहरात ७० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा आहे. त्याहून मोठ्या प्रवासी वाहनांना, म्हणजे एसटी, ट्रॅव्हल्स आणि मिनीबस यांना, याच क्रमाने १००, ९०, ६० आणि ६०. मालवाहू गाड्यांना ८०, ८०, ६०, ६०. मोटरसायकलला चौपदरीवर ८०, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. तीनचाकी रिक्षाला चौपदरी असो की गल्ली, सगळीकडे ५०.

शेवटचे दोन रकाने नीट पाहावेत. शहरातला रस्ता आणि ‘इतर रस्ते’ यांचे आकडे जवळपास प्रत्येक वाहनासाठी सारखेच आहेत. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथे नगरपरिषदा आहेत. सेनगाव आणि औंढ्याला नगरपंचायती आहेत. आखाडा बाळापूर, जवळा बाजार, कुरुंदा ही मोठी बाजारपेठेची गावे ग्रामपंचायतीच आहेत. पण या तक्त्यापुरता तो भेद निरर्थक ठरतो. हिंगोलीच्या इंदिरा गांधी चौकात स्थानिक आदेश नसेल तर मोटारीला ७०, आणि सेनगाव तालुक्यातल्या निर्मनुष्य माळावरच्या सडकेलाही ७०.

तक्ता तयार करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. हा आकडा सगळ्यात चांगल्या स्थितीतल्या रस्त्याला पेलेल असा कमाल आकडा आहे आणि प्रत्यक्ष जागा पाहून तो खाली आणण्याचे काम कायद्याने स्थानिक यंत्रणेवर सोपवले आहे. कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमात कारणेही दिली आहेत: लोकांची सुरक्षितता, लोकांची सोय, किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप. यांपैकी एकही कारण असले तरी राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी मर्यादा कमी करू शकतो. वाढवू मात्र शकत नाही.

या आकड्यांवर वादही झाला. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात ही अधिसूचना रद्द ठरवली आणि मर्यादा कमी करून नवी काढण्यास सांगितले. त्याच वर्षी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवर १४० पर्यंत वेग असावा, असे मत जाहीरपणे मांडले. एकीकडून खाली ओढ, दुसरीकडून वर. रस्त्यावरची कारवाई अजून २०१८ च्या आकड्यांभोवतीच फिरते आहे.

रस्ता चौपदरी झाला, तेव्हा

अकोल्याहून वाशिममार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ कनेरगाव नाक्याजवळ हिंगोली जिल्ह्यात शिरतो आणि हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर या बाजूने वारंगा फाट्याकडे उतरतो. पुढे नांदेड, देगलूर करत तो तेलंगणात संगारेड्डीपर्यंत जातो. वारंगा फाट्यावर त्याला तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-बुटीबोरी हा महामार्ग ३६१ भेटतो. एकेकाळी दुपदरी असलेल्या या रस्त्यांचे गेल्या काही वर्षांत चौपदरीकरण झाले.

दुभाजक पडला की रस्ता तक्त्याच्या वरच्या रकान्यात जातो. मोटारीची मर्यादा ७० वरून १०० होते, बसची ६० वरून ९०, ट्रकची ६० वरून ८०. समोरून येणारी गाडी दुभाजकापलीकडे गेल्याने ओव्हरटेकच्या नादात होणारी समोरासमोरची टक्कर कमी होते. वाढीव मर्यादेमागचे हे कारण रास्त आहे. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे बदलत नाहीत. एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला शेत असेल तर हळदीच्या काढणीला जाणाऱ्या बाया, दूध घालायला निघालेला पोरगा, चरून परतणारी जनावरे हे सगळे पूर्वीसारखेच रस्ता ओलांडतात. फरक इतकाच की आता दोन पदरांऐवजी चार पदर आणि मधला दुभाजक ओलांडावा लागतो, आणि येणारी गाडी ताशी ३० किलोमीटरपर्यंत वाढीव वेगाने आलेली असते.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. एकाच पट्ट्यावर मोटार १०० ने, ट्रक ८० ने आणि रिक्षा ५० ने जायला मोकळी असते. गळीत हंगामात त्यांच्या जोडीला वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या ठिकाणी ऊस नेणारे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. ते भरल्या ओझ्याने ताशी वीस-पंचवीसच्या पुढे जात नाहीत. मागच्या ट्रॉलीला परावर्तक पट्टी नसेल, तर रात्री मोटारचालकाला ती दिसते तेव्हा दोन्ही वाहनांतला वेगाचा फरक ताशी ७५ किलोमीटरचा असतो. अशा जागी धोका नुसत्या कमाल वेगात नसतो, वेगांतल्या तफावतीतही असतो.

या वाढीव वेगाने मिळते किती, तेही मोजून पाहावे. ४० किलोमीटरचे अंतर ताशी ८० ने गेल्यास ३० मिनिटे लागतात, ताशी १०० ने २४. वाचली सहा मिनिटे. गाडीतली गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १०० म्हणजे दीडपटीहून अधिक. धडक झालीच तर ती ऊर्जा पत्र्याला आणि माणसाच्या हाडांना सोसावी लागते.

अभियंत्याचे गणित

मर्यादा ठरवण्याआधी रस्ता बांधणाऱ्याने स्वतःचा एक वेग ठरवलेला असतो. त्याला आराखड्याचा वेग म्हणता येईल. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था यासाठी मानके तयार करते. तिच्या मानकांनुसार सपाट मुलखातल्या राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा आराखडा साधारण ताशी १०० किलोमीटर धरून करतात. चढउताराच्या मुलखात तो ८० वर येतो, डोंगराळ भागात ५० वर आणि कड्याकपारीच्या भागात ४० वर. सपाटीवरच्या प्रमुख जिल्हा मार्गाला ८०, इतर जिल्हा मार्गाला ६५ आणि ग्रामीण रस्त्याला ५०. म्हणजे गावाला जोडणारा साधा रस्ता बांधतानाच ५० च्या हिशेबाने बांधलेला असतो, आणि पाटी नसेल तर त्यावर मोटारीला कायद्याने मुभा मात्र ७० ची मिळते.

आराखड्याच्या वेगावर दोन मोठ्या गोष्टी अवलंबून असतात. पहिली वळणाची त्रिज्या. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते आणि उरलेला भार टायरच्या घर्षणावर जातो. शंभरच्या वेगाला किमान ३६० मीटर त्रिज्येचे वळण लागते, पन्नासच्या वेगाला ९० मीटरचे पुरते. वेग दुप्पट, तर त्रिज्या चौपट. जुना रस्ता त्याच जागेवर रुंद केला आणि वळण तसेच ठेवले, तर चकचकीत डांबर चालकाला शंभरचे आमंत्रण देते आणि वळण साठालाच दगा देते. अशा ठिकाणी वळणापुरती कमी मर्यादा हाच तात्पुरता इलाज असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबण्यासाठी लागणारे अंतर. अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत जेवढा रस्ता कापला जातो, तेवढा रस्ता चालकाला समोर मोकळा दिसलाच पाहिजे. मानकात हे अंतर ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर धरले आहे. त्यात अडथळा दिसणे, मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यासाठी अडीच सेकंद दिलेले आहेत.

आता हेच गणित गावच्या रस्त्यावर करू. शाळा सुटली आहे आणि ४५ मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले. पहिली मोटार ताशी ४० ने येते आहे. मानकाच्या हिशेबाने ती मुलापाशी पोहोचता पोहोचता थांबते. दुसरी मोटार ७० ने येते आहे. सत्तरच्या वेगात गाडी सेकंदाला १९ मीटरहून अधिक धावते. अडीच सेकंदांत झाले ४८ मीटर. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ती पूर्ण सत्तरच्या वेगाने त्या जागेवरून गेलेली असते.

कोणी म्हणेल, आपला चालक चपळ आहे, त्याला अडीच सेकंद कशाला? एक सेकंद धरू. मग चाळीसवाली गाडी सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. सत्तरवाली तेवढ्या अंतरात ब्रेक लावून जेमतेम नऊ मीटर घसटत गेली आहे आणि अजून ताशी साठच्या वर आहे. दोघांच्या वेगात फरक तीसचा होता, पण धडकेच्या जागी तो साठाहून मोठा झाला. पायी चालणारा माणूस ताशी ३० च्या धडकेतून बहुधा वाचतो, साठच्या धडकेत क्वचित. जिथे माणसे आणि गाड्या एकाच जागेत वावरतात, तिथे मर्यादा ३० असावी, ही मागणी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आली ती याच हिशेबावर.

हिंगोलीत मातीचाही हिशेब धरावा लागतो. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खालचा थर नीट न दिल्यास दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा वर-खाली होतो, कडा खचतात आणि साईडपट्टी उरत नाही. आराखडा ८० चा असला तरी असा रस्ता पन्नासलाच गाडी उडवतो. कागदावरचा वेग आणि जमिनीवरचा रस्ता यांची अशी फारकत झाली की मर्यादा पुन्हा तपासायला हवी.

पंचाऐंशीवा गाडीवान

बांधून झालेल्या रस्त्यावर मर्यादा ठरवण्याची जगभर रूढ असलेली एक पद्धत आहे. वाहतूक मोकळी असताना एका जागेवरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग नोंदवायचा. नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या. शंभर गाड्या असतील तर पंचाऐंशीव्या गाडीचा वेग पाहायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. बहुतेक चालक रस्ता पाहून समंजस वेग निवडतात, अतिरेकी मोजकेच असतात, असे यामागचे गृहीतक आहे. शंभरातल्या पंचाऐंशींना मान्य असलेली मर्यादा पाळली जाते. साऱ्यांनाच मोडावीशी वाटणारी मर्यादा फक्त दंडाची पावती फाडण्यापुरती उरते.

ही पद्धत मोकळ्या महामार्गावर ठीक चालते. वस्तीत ती तोकडी पडते, कारण मोजणीत फक्त चालक येतात. रस्ता ओलांडणारी म्हातारी, सायकलवरचा शाळकरी मुलगा आणि फाट्यावर एसटीची वाट पाहणारे लोक यांचे मत त्या पंचाऐंशीत कुठेच नसते. म्हणून आता जगातले रस्ते अभियंते उलट बाजूने सुरुवात करतात. इथे चूक झाली तर कोणाला धडक बसेल आणि त्याचे शरीर किती सोसेल, हे आधी ठरवायचे आणि मर्यादा त्यावरून काढायची. स्वीडनमधले संशोधक योरान निल्सन यांनी सरासरी वेग आणि अपघात यांचा जो संबंध मांडला, त्यावरून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

देशपातळीवरचे आकडे याला दुजोरा देतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. नोंद पंचनाम्यावरून होते आणि वेग हे कारण लिहायला सोपे असते, हे लक्षात घेऊनही आकडा थोडाथोडका नाही. एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पण एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांच्यावर झाले.

तक्ता एक, आकडे अनेक

केंद्राचा तक्ता देशभर एकच, तरी प्रवासात मर्यादा सतत बदलताना दिसते. कारण त्या त्या ठिकाणच्या यंत्रणेने आपला अधिकार कमी-जास्त वापरलेला असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्णपणे सुरू आहे. केंद्राच्या तक्त्यात अशा मार्गावर मोटारीला १२० ची मुभा आहे, पण इथे सपाट भागात मर्यादा १०० आहे आणि बोरघाटात ती बरीच खाली येते. हिंगोलीकरांना वाशिम जिल्ह्यातून ज्या समृद्धी महामार्गाला लागता येते, त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचा सपाटीवरचा आराखडा ताशी १५० चा आहे, तरी मोटारीला १२० च्या वर जाता येत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६० आणि वळणावर ४० अशा तीन मर्यादा काही किलोमीटरांत येतात. उत्तर प्रदेशात यमुना द्रुतगती मार्गावर एरवी हलक्या वाहनांना १०० ची मुभा असते, पण थंडीत धुके पडू लागले की ती ८० किंवा त्याहून खाली आणतात. दिल्ली पोलिसांनी २०२१ मध्ये शहरातल्या मर्यादांची फेरमांडणी केली, तेव्हा वसाहती आणि बाजारपेठांच्या आतल्या रस्त्यांना ३० ची मर्यादा दिली. केंद्राचा तक्ता दिल्लीच्या त्या गल्लीलाही ७० म्हणतो आणि कुरुंद्याच्या गल्लीलाही. दिल्लीत आदेश निघाला, हा फरक.

बाहेरच्या देशांतही हेच दिसते. अमेरिकेत १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची एकच मर्यादा लागू झाली. १९९५ मध्ये ती उठवून अधिकार पुन्हा राज्यांकडे गेला आणि आज राज्यागणिक आकडे वेगळे आहेत. जर्मनीच्या ऑटोबानवर काही पट्ट्यांत सक्तीची मर्यादाच नाही, फक्त १३० ची शिफारस आहे; त्याच देशात वस्तीत शिरताच ५० लागते आणि निवासी भागांत बहुतेक ठिकाणी ३०. गावाची हद्द सुरू झाल्याची पाटी हीच तिथे ५० ची पाटी असते, वेगळा आदेश लागत नाही. आपल्या तक्त्यात ‘गावठाण’ असा रकानाच नसल्याने आपल्याकडे प्रत्येक गावासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागतो.

पाटी, आदेश आणि पुरावा

रस्त्याकडेच्या सगळ्या पाट्या सारख्या वजनाच्या नसतात. लाल त्रिकोण पुढच्या वळणाची, शाळेची, गतिरोधकाची सूचना देतो. ‘वाहने सावकाश चालवा’ हा फलक विनंती करतो. लाल कडीच्या गोलात काळा आकडा असेल तर ती आज्ञा असते आणि ती मोडली तर कलम १८३ लागू होते. पण त्या गोलामागे कलम ११२ खालचा आदेश आणि कलम ११६ खाली रीतसर उभारलेला फलक दोन्ही असावे लागतात. ग्रामपंचायतीने हौसेने रंगवून लावलेला ‘२०’ चा फलक कोर्टात टिकत नाही.

कायद्यात एक सोयीची तरतूद आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर अधिसूचना काढावी लागत नाही. आषाढीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, जवळा बाजार अशी जिल्ह्यातून परभणीकडे जाते. महाशिवरात्रीला औंढ्याला भाविकांची रीघ लागते. हिंगोलीचा दसरा तर कित्येक दिवस गर्दी खेचतो. अशा दिवसांपुरती त्या पट्ट्यांवर ३० किंवा २० ची मर्यादा लावायला लांबलचक कागदी घोडे नाचवण्याची गरज नाही.

पुराव्याबद्दल कायदा फार काटेकोर आहे. ‘गाडी भरधाव होती’ असे एका साक्षीदाराने सांगितले तर तेवढ्यावर वेगमर्यादेच्या गुन्ह्यात शिक्षा होत नाही. त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. म्हणून महामार्गावर स्पीड गन आणि कॅमेरे येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७-अ या नियमानुसार असे कॅमेरे असल्याची सूचना रस्त्यावर लावावी लागते आणि चलानाची नोटीस गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत पाठवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास परवाना जमा होऊ शकतो.

कलम १८३ मध्येच मालकांसाठीही एक ओळ आहे, जी फारशी कोणाला माहीत नाही. एखाद्या फेरीचे वेळापत्रकच असे आखले की मर्यादा मोडल्याशिवाय ती वेळेत पूर्ण होणार नाही, तर ते वेळापत्रक काढणाऱ्यावर गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ते वापरता येते. रात्री निघून पहाटे पुण्यात पोहोचवण्याची हमी देणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या मालकाने हे कलम वाचलेले बरे.

वेग रोखण्याचा दुसरा मार्ग यंत्रातूनच जातो. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक बसवलेला असतो. तो साधारणपणे ८० वर आणि टँकर, डंपर, शाळेच्या बस यांच्यात ६० वर बांधलेला असतो. १ जुलै २०१९ नंतरच्या मोटारी ८० ओलांडताच अधूनमधून आणि १२० ओलांडताच सतत पिपाणी वाजवतात. पण ८० वर बांधलेला नियंत्रक वस्तीत काही कामाचा नाही. तिथे माणसालाच पाय उचलावा लागतो.

गावाने काय करावे

एमएच ३८ पासिंगच्या गाड्या ज्या गावांतून धावतात, त्या गावांना मर्यादा बदलून घेण्याचा रस्ता जिल्ह्यातच आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस अधीक्षक, परिवहन कार्यालय आणि सार्वजनिक बांधकाम विभाग तिच्यात बसतात. अर्ज तिच्याकडे जातो. पण ‘गाड्या फार जोरात जातात, गतिरोधक द्यावा’ अशा दोन ओळींच्या अर्जाचे पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्जात मोजमाप असेल तर त्याला उत्तर द्यावे लागते.

मोजमाप गावाला स्वतः करता येते. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या दोन खुणा करा, बरोबर ५० मीटरवर. रस्त्यात उतरू नका. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाडी पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला लागलेला वेळ मोजा. साडेचार सेकंद लागले तर वेग ४०, तीन सेकंद तर ६०, सुमारे अडीच सेकंद तर ७०. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी अशा शंभर गाड्या नोंदवून चढत्या क्रमाने लावल्या की पंचाऐंशीवी गाडी सापडते. हाताने मोजलेल्या आकड्यावर कोणाला दंड होणार नाही, पण यंत्र घेऊन येऊन मोजा, असे म्हणायला तो पुरेसा आधार आहे. सोबत रस्ता ओलांडणाऱ्यांची तासाची मोजणी आणि पोलीस ठाण्यातल्या गेल्या तीन वर्षांच्या अपघातांची नोंद जोडावी. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’च्या व्याख्येत बसतो आणि तिथे उपाय करणे यंत्रणेचे काम ठरते. रस्त्याच्या आराखड्यातच किंवा देखभालीत कसूर असेल, तर २०१९ पासून कलम १९८-अ खाली संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

मागणीही नेमकी हवी. फक्त ‘४०’ ची पाटी लावल्याने रुंद, सरळ रस्त्यावर वेग फारसा उतरत नाही; चालक पाटीपेक्षा रस्त्याचे ऐकतो. म्हणून गावाच्या वेशीपासून टप्प्याटप्प्याने उतरणारी मर्यादा, ओलांडायच्या जागी पट्टे आणि दिवे आणि राज्य किंवा जिल्हा मार्ग असेल तर मानकाचा गतिरोधक मागावा. ताशी २५ साठीच्या मानक उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असते. गावोगावी रातोरात टाकलेले डांबराचे निमुळते ढीग हे गतिरोधक नव्हेत. त्यांच्यावर मागे बसलेली बाई दुचाकीवरून उडून पडते. राष्ट्रीय महामार्गावर उंचवटे काढून टाकण्याच्या केंद्राच्या सूचना आहेत, तिथे कंप देणाऱ्या पट्ट्या, सेवा रस्ता किंवा भुयारी मार्ग मागावा लागेल.

शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावित मार्गात हिंगोली जिल्ह्याचे नाव आहे आणि त्याच्या जमिनींवरून आंदोलनेही झाली आहेत. असे मोठे रस्ते होतील तेव्हा त्यांचे वेग मंत्रालयात आणि दिल्लीत ठरतील. जिल्हा मार्गांवर आणि गावांच्या वेशीत किती वेग असावा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र आजच जिल्ह्यात आहे आणि तो वापरायला नवा कायदा लागत नाही. आदेश निघून पाटी लागल्यावर महिन्याने त्याच दोन खुणांवर पुन्हा शंभर गाड्या मोजाव्यात. पंचाऐंशीवी गाडी चाळीसच्या जवळ आली असेल तर काम झाले. नसेल, तर पुढच्या बैठकीसाठी नवा अर्ज तयारच आहे.